वाघांची सोयरीक

सोयरीक जुळवणे हे आपल्या वडीलधाऱ्या मंडळींचे एक मोठेच कार्य असे. महाराष्ट्रापासून दूर येऊन स्थिरावलेल्या घराण्यांना तर ते अधिकच जिकिरीचे. नागपूरकर भोसल्यांच्या राजवटीत सातपुडा ओलांडून सिवनी, छिंदवाडा, जबलपूर ह्या बाजूस आलेली आमची घराणी संख्येने थोडी. दोन-तीन पिढ्यांत त्यांची आपसांत अशी काही गुंतागुंत झाली, की कोण कोणाचा मामा आणि कोण कोणाची नणंद हे सांगताना बोटे पुरत नसत. मग घरातील कर्ते पुरुष पत्रिका आणि टिपणे पिशवीत घालून नागपूर, अमरावती, इंदूर, क्वचित पुण्यापर्यंतही जात. प्रवासाचा खर्च होई, दहा ठिकाणी नकार पचवावे लागत. पण चार घरांतल्या चार घरांत मुली देत-घेत राहणे बरे नव्हे, ही जाणीव त्यांच्या मनात पक्की होती. सगोत्र विवाह वर्ज्य, पण देशस्थांत मामेबहीण चालते. म्हणजे नियमही सर्वत्र एकसारखा नव्हता. तथापि घराचे दार बाहेरच्या माणसांसाठी उघडे असावे, एवढे सर्वांनाच पटलेले होते.

हे सारे आठवण्यास निमित्त झाले ते वाघांचे. मी मराठीचा विद्यार्थी. जीवशास्त्राशी माझा संबंध शाळेतील विज्ञानाच्या तासापुरता. परंतु ज्या जिल्ह्यात माझी नोकरी झाली तो कान्हा आणि पेंच ह्या दोन प्रसिद्ध अरण्यांच्या मध्ये येतो. शाळेत येणाऱ्या मुलांच्या बोलण्यात वाघ असतोच. त्यामुळे गेल्या काही वर्षांत आनुवंशिकीच्या अभ्यासकांनी वाघांविषयी जे शोधून काढले, ते मी जमेल तसे वाचत आलो. वाचता वाचता ध्यानात आले, की वाघांपुढेही प्रश्न सोयरिकीचाच आहे. ही तुलना फार ताणू नये, हे मी जाणतो. माणसाच्या विवाहात मन असते, संस्कार असतात, शिक्षण असते. वाघाजवळ एवढेच असते, की वयात आल्यावर त्याने जन्मस्थान सोडून दूर जावे.

वाघाचे पिलू सुमारे दोन वर्षांचे झाले की आईपासून वेगळे होते. वाघिणी पुष्कळदा आईच्या शेजारीच आपला प्रदेश मांडतात. नर मात्र लांब जातात. किती लांब, ह्याचे एक उदाहरण विदर्भातले आहे. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेल्या एका तरुण वाघाच्या गळ्यात अभ्यासकांनी २०१९ साली संकेत पाठविणारा पट्टा बांधला होता. त्या वर्षीच्या पावसाळ्याच्या तोंडाशी तो निघाला. तेलंगणातील आदिलाबादच्या बाजूस गेला, परतला, शेते, नाले, रस्ते ओलांडत तेराशे किलोमीटरांहून अधिक चालून डिसेंबरात बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. पुढेही तो हिंडतच राहिला आणि नऊ महिन्यांत त्याची चाल तीन हजार किलोमीटरांच्या घरात गेली. वाटेत त्याने माणसांना फारसा त्रास दिला नाही. दिवसा लपावे, रात्री चालावे असा त्याचा क्रम होता. ज्ञानगंगेत शिकार होती, आडोसा होता, पाणी होते. वाघीण मात्र नव्हती.

वाघ चालतो हे पट्ट्यावरून कळते. पण पट्टे किती वाघांना बांधणार? आणि वाघ दुसऱ्या अरण्यात जाऊन पोहोचला, तरी तिथे त्याचा वंश रुजला की नाही हे पट्टा सांगत नाही. ते सांगते त्याची विष्ठा. ऐकायला हे विचित्र वाटेल. वाघाच्या आतड्यांतील काही पेशी विष्ठेला चिकटून बाहेर येतात. अभ्यासक अरण्यातील पायवाटांवर फिरून ते नमुने गोळा करतात आणि प्रयोगशाळेत त्या पेशींतील डीएनए वेगळा काढतात. डीएनए म्हणजे चार अक्षरांत लिहिलेली एक अतिशय लांब पोथी. निम्मी पोथी आईकडची, निम्मी बापाकडची. काही ठिकाणी तीच ती अक्षरे पुन्हा पुन्हा येतात. ही पुनरुक्ती किती वेळा झाली, ते प्रत्येक वाघात वेगळे असते. त्यावरून हा वाघ कोणता, नर की मादी, त्याचे जवळचे नातलग कोण, आणि तो ह्याच अरण्यातला की बाहेरून आलेला, हे सांगता येते. वाघाला न पकडता, न पाहता त्याची कुंडली मांडता येते असे म्हटले तरी चालेल.

ह्या मार्गाने मध्य भारतातील अरण्यांचा अभ्यास झाला. २०१३ साली त्यासंबंधीचे शोधनिबंध प्रसिद्ध झाले. त्यांतून दिसले, की कान्हा आणि पेंच ह्यांच्या वाघांत आणि तसेच सातपुडा आणि मेळघाट ह्यांच्या वाघांत अजून देवाणघेवाण चालू आहे. ही अरण्ये नकाशावर सुटी दिसतात. प्रत्यक्षात झाडीचे तुटक पट्टे, टेकड्या आणि नदीकाठ ह्यांनी ती एकमेकांना जोडलेली आहेत. अशा पट्ट्याला अभ्यासक ‘संचारमार्ग’ म्हणतात. जेथे हा मार्ग दाट वस्तीने किंवा वाहत्या रस्त्यांनी तुटला, तेथे दोन बाजूंचे वाघ एकमेकांना परके होत चालले.

त्याच वर्षी आणखी एक निबंध प्रसिद्ध झाला. बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातील उमा रामकृष्णन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्रजी अमलात मारल्या गेलेल्या वाघांचे अवशेष तपासले. साहेबांनी हौसेने नेलेली कातडी आणि कवट्या ब्रिटनमधील संग्रहालयांत जपून ठेवलेल्या आहेत. मातेकडूनच उतरणाऱ्या डीएनएचे जे प्रकार त्या जुन्या वाघांत होते, त्यांपैकी सुमारे ९३ टक्के आजच्या वाघांत आढळत नाहीत. बंदुकीने वाघ मेले हे आपण जाणतोच. त्यांच्याबरोबर पोथीची किती पाने फाटली, ह्याचा हिशेब शंभर वर्षांनी लागला. असे असूनही जगातील अन्य देशांच्या मानाने भारताच्या वाघांत वैविध्य अधिक शिल्लक आहे. म्हणून उरलेली पाने जपण्याचा भार आपल्यावर आहे.

वाट तुटली तर काय होते, ह्याची दोन उदाहरणे सांगतो. एक आमच्याच मध्यप्रदेशातले, रीव्याचे.

१९५१ च्या मे महिन्यात रीव्याचे महाराज मार्तंडसिंह ह्यांना जंगलात पांढऱ्या वाघाचे एक पिलू सापडले. गोविंदगढच्या राजवाड्यात ते वाढले. त्याचे नाव मोहन ठेवले. मोहनची जोडी बेगम नावाच्या नेहमीच्या रंगाच्या वाघिणीशी लावली. सगळी पिले आईच्या रंगाची झाली. पांढरा रंग गेला कोठे? तो गेला नव्हता, लपला होता. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात. पांढऱ्या रंगाचे जनुक अप्रभावी; दोन्ही प्रती तशाच असल्याखेरीज ते प्रकट होत नाही. मग मोहनची जोडी त्याच्याच कन्येशी, राधेशी लावण्यात आली आणि १९५८ साली चार पांढरी पिले झाली. त्यांपैकी मोहिनी १९६० साली अमेरिकेत वॉशिंग्टनला गेली. पुढे प्राणिसंग्रहालयांतून पांढऱ्या वाघांची जी पैदास झाली, ती बव्हंशी बाप-लेक, भाऊ-बहीण अशा जोड्यांतून. ह्या वाघांत तिरळेपणा पुष्कळ आढळतो, तो त्या रंगाच्या जनुकाशीच निगडित आहे. परंतु दुबळी पिले, अल्पायुष्य, शरीरातील व्यंगे ही जवळच्या नात्यांतील पैदाशीची फळे होत. ज्या अप्रभावी जनुकांनी रंग बदलतो त्यांच्याबरोबर, ज्यांनी शरीर खचते तीही दोन्ही बाजूंनी एकत्र येतात. २०१३ साली चिनी शास्त्रज्ञांनी पांढऱ्या रंगाचे कारण शोधून काढले. एका जनुकातील एका अक्षराचा बदल, एवढेच ते कारण. मराठी शिकवणाऱ्याला ह्याचे नवल वाटू नये. ‘दिन’ आणि ‘दीन’ ह्यांत एका वेलांटीचाच तर फरक आहे.

रीव्याला जे माणसाने मुद्दाम केले, तेच ओडिशातील सिमिलिपालच्या अरण्यात कोणी न करता घडले. मयूरभंज जिल्ह्यातील हे अरण्य विस्तीर्ण आहे, सुंदर आहे. परंतु वाघांच्या दुसऱ्या मोठ्या वसतिस्थानांपासून ते तुटलेले आहे. तेथील काही वाघांच्या अंगावरील काळे पट्टे इतके रुंद होऊन एकमेकांत मिसळतात, की लांबून वाघ काळाच दिसावा. हे वाघ पूर्वीही क्वचित दिसल्याच्या वार्ता होत्या. २०२१ साली बंगळुरूच्या त्याच केंद्रातील विनय सागर, उमा रामकृष्णन आणि त्यांचे सहकारी ह्यांनी त्याचे कारण प्रसिद्ध केले. ‘टॅकपेप’ नावाच्या जनुकात एका अक्षराचा बदल आहे. मांजराच्या अंगावरील ठिपके व पट्टे ठरविण्यातही ह्याच जनुकाचा हात असतो. त्यांनी देशभरातील जवळजवळ चारशे वाघ तपासले. सिमिलिपालच्या वाघांत हा बदल मुबलक आढळला; रानात अन्यत्र कोठेच नाही. तिसऱ्या हिश्श्याहून अधिक वाघ तेथे काळे आहेत.

ह्याचा अर्थ समजण्यास एक घरगुती दृष्टांत पुरे. मिश्र धान्याच्या पोत्यातून एक ओंजळ भरून घेतली, तर पोत्यातील सगळी धान्ये ओंजळीत यथाप्रमाण येतीलच असे नाही. मसूर मुळीच यायची नाही आणि एखादे विरळ धान्य उगाच चार दाण्यांनी जास्त येईल. त्या ओंजळीतूनच पेरणी केली आणि पुन्हा त्या पिकाची ओंजळ घेतली, तर दहा पिढ्यांनी त्या विरळ धान्याचेच शेत होईल. ते धान्य अधिक कसदार म्हणून नव्हे, निव्वळ योगायोगाने. सिमिलिपालचे मूळचे वाघ मूठभर, बाहेरून नवे रक्त नाही. म्हणून काळा रंग पसरला. रंगाने वाघाचे काही बिघडत असेलच असे नाही. चिंता रंगाची नाही. जो योगायोग डोळ्यांना दिसतो तो रंगाचा. जे न दिसणारे दोष त्याच वाटेने पसरतात, त्यांची चिंता आहे. काळा वाघ हा त्या अरण्याचे दार बंद असल्याचा फलक आहे.

आणि गंमत अशी, की लोकांना तो फलकच आवडतो. रीवा भागात मुकुंदपूरला पांढऱ्या वाघाचे उद्यान २०१६ पासून आहे. २०२४ च्या जानेवारीत ओडिशा शासनाने बारीपदाजवळ काळ्या वाघांचे उद्यान करण्याची घोषणा केली. पाहायला जाऊ नये असे मी म्हणत नाही. आमच्या मुलांची सहल मीही नेईन. परंतु मुले तेथून ‘दुर्मीळ चमत्कार पाहिला’ एवढेच घेऊन परतली, तर सहल वाया गेली असे मी समजेन.

ओडिशा शासनाने दुसरेही एक पाऊल टाकले, आणि मराठी वाचकांस त्यात विशेष गोडी वाटेल. बाहेरचे रक्त सिमिलिपालला मिळावे म्हणून २०२४ च्या उत्तरार्धात महाराष्ट्रातील ताडोबाच्या अरण्यातून दोन तरुण वाघिणी तेथे नेण्यात आल्या. एकीचे नाव जमुना, दुसरीचे झीनत. चंद्रपूरच्या लेकी मयूरभंजात दिल्या म्हणायच्या. जमुना त्या मानाने लवकर रुळली. झीनतने मात्र सासर सोडले. डिसेंबरात ती झारखंडात गेली, तेथून पश्चिम बंगालात शिरली, आणि तीन राज्यांच्या वनखात्यांना तीन आठवडे पळवून अखेर २९ डिसेंबर रोजी बांकुडा जिल्ह्यात तिला भुलीचे औषध देऊन पकडले. मग पुन्हा तिची पाठवणी सिमिलिपालला झाली.

असाच प्रकार पन्न्यातही घडला होता. २००९ साली पन्न्यात एकही वाघ उरला नाही. तेव्हा बांधवगढ आणि कान्हा येथून वाघिणी आणि पेंचहून एक वाघ तेथे नेला. तीन वेगळ्या अरण्यांतून जनावरे निवडली हे फारच उत्तम झाले. पण पेंचचा वाघ पन्न्यात थांबेना; तो दक्षिणेची, घराची दिशा धरून चालू लागला. दूरवर गेल्यावर त्याला पकडून परत आणावे लागले. पुढे मात्र तो रमला आणि २०१० पासून पिले झाली. आज पन्न्यात पन्नासाहून अधिक वाघ आहेत. म्हणजे उपाय लागू पडतो. तरी पिंजरा, भूल, मालमोटार, गळ्यातला पट्टा आणि पाठीमागे धावणारी शेकडो माणसे, एवढा सारा खटाटोप वाघ आपल्या पायांनी फुकट करतो. त्याला वाट मात्र हवी.

ती वाट कोठे अडते, हे आम्ही सिवनी-जबलपूरची मंडळी रोज पाहतो. जबलपूरहून नागपूरला जाणारा पूर्वीचा सात क्रमांकाचा, आताचा चव्वेचाळीस क्रमांकाचा महामार्ग पेंचच्या पूर्व कडेने जातो आणि कान्हा-पेंच हा संचारमार्ग आडवा छेदतो. आमच्या घरांतल्या वऱ्हाडांनी ह्याच रस्त्याने ये-जा केली आहे. कुरईचा घाट उतरून खवासा आले, की महाराष्ट्र आला. आमच्या सोयरिकीचा रस्ता वाघांच्या सोयरिकीच्या रस्त्यावर आडवा पडलेला आहे, असेच म्हणावे लागेल. हा रस्ता चौपदरी करण्याचे ठरले तेव्हा प्रकरण न्यायालयात गेले, काम कैक वर्षे रखडले, खड्ड्यांनी प्रवासी हैराण झाले. वाघासाठी माणसांनी का थांबावे, असे लोक उघड म्हणत. अखेर तोडगा निघाला तो असा, की रस्ता उचलून घ्यावा आणि जनावरांनी खालून जावे. महाराष्ट्राच्या बाजूस मनसर-खवासा ह्या टप्प्यात असे नऊ पूल व भुयारी मार्ग झाले. त्यांतील सर्वांत लांब साडेसातशे मीटरांचा आहे. मध्यप्रदेशाच्या बाजूसही असे मार्ग झाले आणि वाहनांचा आवाज व उजेड अडावा म्हणून कडेला उंच भिंती उभारल्या. खाली बसविलेल्या कॅमेऱ्यांत चितळ, रानकुत्री आणि वाघसुद्धा पलीकडे जाताना टिपले गेले. वरून मालमोटारी धावताहेत आणि खालून वाघ चालला आहे. दोघांनाही एकमेकांची खबर नाही. खर्च पुष्कळ झाला. परंतु एकदा तुटलेली वाट पुढे पिंजऱ्यांनी जोडत बसण्यापेक्षा तो कमीच म्हणायचा.

एवढ्याने प्रश्न मिटला असे मात्र नाही. संचारमार्ग म्हणजे मोकळे रान नव्हे. त्यात गोंडांची गावे आहेत, मक्याची आणि धानाची शेते आहेत, चरणारी गुरे आहेत, आणि आमच्या शाळेत चालत येणारी मुलेही आहेत. वाघाचे पाऊल उमटले की दुसऱ्या दिवशी हजेरीपत्रकात रिकाम्या जागा दिसतात, आणि त्यांत मुलींच्या अधिक. ज्याचा बैल गेला अशा एका पालकाने मला विचारले होते, की अरण्य वाघाचे हे मान्य, पण माझे शेतही त्याचेच का? ह्या माणसाच्या गावाबाहेर वाघदेवाचा चौथरा आहे आणि तो दरवर्षी तेथे नारळ फोडतो. वाघाशी त्याचे वैर नाही. नुकसानभरपाईच्या कागदांसाठी मात्र त्याने दोन हंगाम खेटे घातले. शहरात बसून वाघांच्या वैविध्याविषयी कळकळीने बोलणाऱ्यांनी, आणि त्यांत मीही आलो, हे विसरू नये. वाघाची वाट झाडांनी टिकते तितकीच ह्या माणसाच्या सोशिकपणाने टिकते. त्याच्या बैलाचे पैसे महिन्याच्या आत त्याच्या हाती पडणे हेही वाघाच्या वंशरक्षणाचेच काम आहे. ते प्रयोगशाळेतील कामाहून हलके समजण्याचे कारण नाही.

२००६ साली देशात १,४११ वाघ असल्याचा अंदाज होता. २०२२ च्या गणनेत तो ३,६८२ वर गेला. त्यांपैकी मध्यप्रदेशात ७८५ आणि महाराष्ट्रात ४४४. आकडे वाढले ह्याचा आनंद आहेच; ज्यांनी त्यासाठी कष्ट केले त्यांना तो श्रेय देणारा आहे. परंतु आनुवंशिकीने आपल्याला एक वेगळा हिशेब शिकविला. रणथंबोरसारख्या एकाकी अरण्यात वाघांची संख्या चांगली असूनही जवळच्या नात्यांतील संबंधांच्या खुणा त्यांच्या डीएनएत स्पष्ट उमटल्या असल्याचे २०२१ च्या अभ्यासात आढळले. कुंपणात पन्नास वाघ असले आणि बाहेर पडायची वाट नसली, तर तो आकडा आज सुखाचा आणि नातवंडांच्या काळी दुःखाचा ठरेल. पुढे नवे रस्ते होतील, कालवे होतील, लोहमार्ग रुंद होतील. होऊ नयेत असे कोण म्हणेल? नकाशा कागदावर असतानाच वाघ कोठून जातो एवढे विचारून घ्यावे, आणि त्या जागी पूल धरावा, म्हणजे झाले.

देशातील वाघांची गणती दर चार वर्षांनी होते. त्यांच्या वाटांचीही व्हावी.